माऊस मेला, की आपण हात टेकले?

रात्रीचे साडेअकरा. प्रोजेक्ट रिपोर्ट अपलोड करायची मुदत 11.59. पीडीएफ तयार आहे, फाइलचं नाव बरोबर आहे, फक्त ‘सबमिट’वर क्लिक करणं बाकी. आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थिजतो. तुम्ही माऊस सरकवता. मग जरा जोरात सरकवता. मग उलटा करून त्याच्या पोटाकडे बघता, टेबलावर आपटता, वायरीच्या टोकाला फुंकर मारता (ही फुंकर रिमोटपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळ्या आजारांवर चालते, असा आपल्याकडे पक्का समज आहे) आणि शेवटी हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज टाकता, ‘कुणाकडे एक्स्ट्रा माऊस आहे का? अर्जंट!!!’

आता खरं सांगा. या सगळ्या धावपळीत तुम्ही एकदा तरी स्वतःला विचारलंत का, की नक्की काय बंद पडलंय?

नसेल विचारलं तर लाजू नका. मीही नव्हतं विचारलं. आणि त्याची किंमत मी भर परीक्षेत मोजलीय.

पंचवीस मिनिटं

एफवायची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, घरी कॉम्प्युटर नाही, त्यामुळे जी काही प्रॅक्टिस ती लॅबमध्येच. सी लँग्वेजचे दोन प्रोग्रॅम लिहायचे, चालवून दाखवायचे, मग व्हायवा. स्लिप उघडली, दोन्ही प्रोग्रॅम येत होते. मनातल्या मनात नाचले. मशीनसमोर बसले, माऊस हातात घेतला आणि बाण हलेना.

समोर भिंतीवर बोर्ड होता, ‘परवानगीशिवाय कोणत्याही उपकरणास हात लावू नये. नुकसान झाल्यास भरपाई वसूल केली जाईल.’ मी तो बोर्ड वाचला आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला : आपण काहीतरी बिघडवलं. हात वर केला तर एक्स्टर्नलसमोर तमाशा होणार, वर पैसे भरा म्हणणार. म्हणून मी बसून राहिले. मधूनच माऊस हळूच हलवून बघायची, पुन्हा बसायची. शेजारच्या रांगेत कीबोर्डचा टकटकाट चालू होता.

पंचवीस मिनिटांनी लॅबमधले मामा एक्स्टर्नलसाठी चहा घेऊन आले. माझ्या कोऱ्या स्क्रीनकडे बघून थांबले. म्हणाले, “ताई, पुढच्या खाचेत घातलाय होय? ती कधीच मेलीय. मागं लावायचा.” ट्रे एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हाताने पिन काढली, सीपीयूच्या मागे खोचली. बाण हलला. दहा सेकंदही लागले नसतील.

पहिला प्रोग्रॅम झाला. दुसरा अर्धा राहिला. पास झाले, पण जेमतेम.

त्या दिवशी मला मामांचं कौतुक वाटलं आणि नशिबाचा राग आला. खरी चीड आली ती वर्षभराने, जेव्हा कळलं की त्या परीक्षेसाठी मला माऊस लागतच नव्हता! टर्बो सी उघडायला डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक करायचं, एवढंच मला शिकवलं होतं. विंडोज बटण आणि डी एकत्र दाबलं, बाणाच्या बटणांनी आयकॉनपर्यंत गेलं आणि एंटर दाबलं की तेच होतं. पुढचं सगळं, म्हणजे कंपाइल करायला ऑल्ट आणि एफ9, रन करायला कंट्रोल आणि एफ9, हे तर मी रोज कीबोर्डवरूनच करत होते. म्हणजे माझी पंचवीस मिनिटं माऊसने खाल्ली नव्हती. ‘माऊस चालत नाही म्हणजे सगळं संपलं’ या समजुतीने खाल्ली होती.

म्हणून आज माझं म्हणणं सरळ आहे. ‘माऊस डिटेक्ट होत नाहीये’ हे वाक्य आपण निकाल म्हणून ऐकतो. तो निकाल नाही. ती फक्त तक्रार आहे, तीही अर्धवट सांगितलेली. ती पूर्ण करायला शिकणं, हे मला पदवीच्या कुठल्याही विषयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विहिरीवरची बॅटरी

गंमत अशी, की हे शिक्षण मला घरातच मिळालं होतं. मीच त्याला शिक्षण मानत नव्हते.

आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू झाली नाही की आप्पा उठायचे, भाऊ पान्हे घ्यायचा आणि माझ्याकडे काम बॅटरी धरायचं. “तू लांब उभी राहा, फक्त उजेड नीट पाड.” पोरीने पेटीला हात लावायचा नाही, हा नियम. पण उजेड पाडणाऱ्याला सगळं दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आप्पा कधीही थेट मोटर उघडायचे नाहीत. आधी पेटीवरचे तीन बल्ब बघायचे. तीन फेजचे तीन बल्ब. एक जरी विझलेला असला तरी मोटरीला बोट लावायचं कारण नाही, लफडं डीपीकडे आहे. तिन्ही लागले असतील तर स्टार्टर दाबून कान द्यायचे. काहीच आवाज नाही? मग स्टार्टर किंवा केबल. नुसती घूंऽऽ करतेय, फिरत नाही? मग एखादी फेज मोटरीपर्यंत पोचत नाही, लगेच बंद करा, नाहीतर जळेल. फिरतेय पण पाणी येत नाही? मग विजेचा काही संबंध नाही, फुटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकलाय, पाइपातलं पाणी उतरलंय.

बघा, तक्रार एकच होती, ‘पाणी येत नाही’. आणि तिच्या पोटात तीन वेगवेगळे बिघाड होते. प्रत्येकाची जागा वेगळी, इलाज वेगळा. आप्पांनी इंजिनीअरिंग केलं नव्हतं. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : आधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचं, पान्हा मग उचलायचा.

माऊसचंही अगदी हेच आहे. तीन प्रश्न. त्याला वीज मिळतेय का? त्याचं कॉम्प्युटरशी बोलणं होतंय का? आणि बोलणं होत असेल तर बाण का हलत नाही?

पहिला प्रश्न : वीज पोचतेय का?

वायरवाला माऊस उलटा करा. पोटातला दिवा लागलाय? बहुतेक माऊसचा दिवा लाल असतो आणि दिसतो. काहींचा प्रकाश मात्र डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे दिवा दिसला तर वीज आहे हे नक्की, पण नाही दिसला तर लगेच मर्तिक करू नका.

आता पिन काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये. का? मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात. पुढची पोर्ट आतल्या एका वेगळ्या वायरीने जोडलेली असतात. कुणी कधी कॅबिनेट उघडलं आणि ती वायर परत लावायची विसरलं, की पुढची खाच दिसायला खाच आणि कामाला भोक. माझ्या परीक्षेत हेच झालं होतं. मध्ये यूएसबी हब असेल तर तोही वगळा, माऊस थेट लावा.

जुन्या लॅबमध्ये अजून हिरव्या रंगाची गोल पिन असलेले माऊस सापडतात. ती पीएस/2 पिन. 1987 साली आयबीएमच्या पीएस/2 कॉम्प्युटरबरोबर आलेली. हिरवी माऊसची, जांभळी कीबोर्डची. ही पिन चालू मशीनमध्ये काढून परत लावली, तर माऊस बऱ्याचदा ओळखलाच जात नाही. मशीन बंद करायचं, पिन लावायची, मग चालू करायचं. यूएसबीची सवय लागलेल्या आपल्याला हे सुचतच नाही.

वायर जिथे माऊसच्या तोंडातून बाहेर येते, तिथे ती हळूच वाकवून बघा. वाकवली की दिवा लागतो, सोडली की विझतो? मग तार आतून तुटलीय. हा खरा मेलेला माऊस. त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

वायरलेस असेल तर क्रम थोडा वेगळा. पोटाखालचं बटण ऑन आहे ना? बॅगेत टाकताना आपणच बंद केलेलं असतं. सेल बदलून पाहिला का? आणि ते इवलंसं डोंगल? ते बहुतेक वेळा सेलच्या कप्प्यातच झोपलेलं असतं. रूममेटचं डोंगल उसनं घेऊन उपयोग नाही, कारण प्रत्येक डोंगलची जोडी त्याच्या माऊसशी जमवलेली असते. दिसायला सारखी असली तरी.

दुसरा प्रश्न : बोलणं होतंय का?

इथे आधी आत काय चालतं ते समजून घेऊ. फार अवघड नाही.

साध्या यूएसबी माऊसच्या वायरीत चार बारीक तारा असतात. लाल आणि काळी विजेच्या. पांढरी आणि हिरवी बोलण्याच्या. पिन आत गेली की माऊस बोलण्याच्या एका तारेवरचा दाब वर खेचतो. शाळेत हजेरीला हात वर करतो ना, तसं. कॉम्प्युटरला कळतं, कुणीतरी आलंय. मग तो विचारतो, तू कोण? माऊस सांगतो : मला बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक हा, माझ्या मॉडेलचा हा, आणि मी माऊस आहे. कॉम्प्युटरकडे माऊससाठीचा ड्रायव्हर आधीपासून असतोच. तो जोडला जातो आणि बाण हलतो. हे सगळं ‘टुडुंग’ आवाजाच्या आसपास उरकतं.

आता गंमत कळली? लाल आणि काळी तार शाबूत, पण पांढरी किंवा हिरवी तुटलेली, असं असेल तर दिवा लागेल आणि तरीही कॉम्प्युटरला माऊस दिसणार नाही. ‘दिवा लागतोय म्हणजे माऊस चांगलाय, लॅपटॉपच बिघडलाय’ असं म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला नेणारे मी पाहिलेत.

म्हणून पुढची परीक्षा घ्या, अदलाबदलीची. तुमचा माऊस मित्राच्या लॅपटॉपला लावा. मित्राचा माऊस तुमच्या लॅपटॉपला. तुमचा माऊस तिथेही चालला नाही आणि त्याचा तुमच्याकडे चालला, तर दोष माऊसचा. उलट झालं, तर दोष तुमच्या पोर्टचा किंवा सिस्टिमचा. दोन मिनिटांत अर्धं जग वगळलं! पण अट एक : एका वेळी एकच गोष्ट बदला. आपण घाईघाईत माऊस बदलतो, पोर्ट बदलतो, रीस्टार्टही करतो, आणि मग चालू झालं की कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून देवाचा धावा.

दोष सिस्टिमकडे असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘पण माऊसच चालत नाही, उघडू कसा?’ विंडोज बटण दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ हे नाव इंग्रजीत टाइप करा, एंटर. आत टॅब आणि बाणाच्या बटणांनी फिरा, उजव्या बाणाने फांदी उघडते. ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’खाली तुमचा माऊस दिसतोय? की कुठेतरी पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आलंय? पिवळा त्रिकोण ही खरं तर चांगली बातमी आहे. म्हणजे हात वर केलेला दिसला, पण ‘तू कोण’चं उत्तर नीट ऐकू आलं नाही. त्यासोबत कोड 43 दिसला, तर त्याचा अर्थ : या उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवलंय. अशा वेळी ती नोंद अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, विंडोज तिला नव्याने ओळखायचा प्रयत्न करेल. मात्र तिथे दिसेल ते अनइन्स्टॉल करत सुटू नका. चुकून कीबोर्ड किंवा यूएसबी कंट्रोलर उडवलात, तर उरलेला एकमेव दरवाजाही आपल्याच हाताने बंद होईल.

आणि हो, रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. शटडाऊन करून पुन्हा चालू करणं नव्हे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलीय. ती चालू असेल तर शटडाऊन करताना सिस्टिमचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. म्हणजे कालची गडबडही सोबत येऊ शकते. रीस्टार्ट मात्र पाटी कोरी करतं. ‘मी चार वेळा बंद-चालू केलं’ म्हणणाऱ्यांनी एकदाही रीस्टार्ट केलेलं नसतं, ते यामुळे.

माऊस चालतो, पण थोडा वेळ हात लावला नाही की झोपतो? मग वीज वाचवण्याची सेटिंग बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या’ अशा अर्थाची एक टिक असते. ती काढा.

लॅबमध्ये उबंटू असेल तर काम आणखी सोपं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडा, ‘एलएसयूएसबी’ ही पाच अक्षरी आज्ञा इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये द्या. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी समोर येते. माऊस लावून एकदा, काढून एकदा. यादीत फरक पडला तर बोलणं होतंय. नाही पडला तर नाही.

तिसरा प्रश्न : मग बाण का हलत नाही?

यादीत माऊस आहे, त्रिकोण नाही, दिवा लागलाय, तरी बाण ढिम्म. ही फुटव्हॉल्व्हची केस. विजेशी भांडू नका.

माऊस कशावर ठेवलाय? ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो घेत असतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ओळखतो. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर त्याला फरकच दिसत नाही. खाली वहीचा कागद ठेवा. मेस कार्डही चालेल. पोटातल्या भिंगावर केस अडकलाय का, तेही बघा.

वायरलेस माऊस अडखळतोय? डोंगलच्या शेजारी हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलाय का बघा. बरेचसे वायरलेस माऊस 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात आणि यूएसबी 3च्या जोडणीतून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनेच 2012 मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरीने लांब न्या. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलायचं आणि ‘तुझा आवाज येत नाही’ म्हणून समोरच्यावर ओरडायचं, त्यातला हा प्रकार.

आणि लॅपटॉपचा टचपॅडच बंद झालाय, असं असेल तर कीबोर्डच्या वरच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा. एफएन दाबून ते दाबलं, की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

‘एवढं कशाला? नवा घेऊन टाक!’

मला माहीत आहे, तुमच्यातले निम्मे आता हेच म्हणतायत. दोन-तीनशे रुपयांचा माऊस. त्यासाठी एवढा शोध? ऑर्डर कर, उद्या दारात.

या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. तार आतून तुटलेली असेल तर नवा घेणंच शहाणपणाचं. मी स्वतः पंधरा मिनिटांची मर्यादा पाळते. तेवढ्यात सापडलं नाही तर थांबते. आणि परीक्षेत तर ही मर्यादा शून्य मिनिटं. ऑनलाइन परीक्षेच्या केंद्रावर माऊस अडला तर हिरोगिरी नको, त्याच क्षणी हात वर करा आणि वेळ नोंदवून घ्यायला सांगा. ती तुमची चूक नाही, तुमचा हक्क आहे. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर!

पण ‘नवा घे’ हे उत्तर प्रत्येक वेळी चालत नाही. दोष पोर्टमध्ये असेल तर नवा माऊसही मुकाच राहणार. तीनशे रुपये गेले आणि बिघाड जागेवर. शिवाय महिन्याच्या वीस तारखेनंतर हॉस्टेलवरच्या कितीजणांच्या खिशात सहज तीनशे रुपये असतात? आणि फेकलेला माऊस जातो कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण आपले जुने माऊस अजून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीतच पडतायत. निदान चालता माऊस तरी तिथे जाऊ नये.

आणि खरा मुद्दा तर माऊसचा नाहीच. आज माऊस, उद्या प्रिंटर, परवा कंपनीचा सर्व्हर. आज तीनशे रुपयांच्या वस्तूवर जी सवय लागेल, तीच पुढे लाखांच्या वस्तूवर चालणार. कोडमध्ये एरर आला की ती न वाचताच संपूर्ण कोड पुसून दुसऱ्याचा चिकटवणारे आपण, माऊस आपटणारेही आपणच. दोन्हीकडे आजार एकच : बिघाड वाचायचा नाही, त्याच्यापासून पळायचं.

‘सरक, मी करतो’

यात दोष फक्त आपला नाही. ज्या लॅबमध्ये तीन वर्षं शिकायचं, तिथल्या भिंतीवर ‘हात लावू नये’ लिहिलेलं असतं. हा बोर्ड विहिरीवरच्या पेटीला शोभतो. तिथे चारशे व्होल्ट असतात, आप्पांनी मला लांब उभं केलं त्याला तेवढं तरी कारण होतं. माऊसच्या पिनमध्ये असतात पाच व्होल्ट. त्याने कुणाला शॉक बसत नाही. तरी आपण दोन्ही गोष्टींना सारखेच घाबरतो, कारण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कुणी वेगळं करून सांगितलेलंच नसतं.

परिणाम काय? कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये बिघाड ओळखणारा एकमेव माणूस म्हणजे मामा. कारण हात लावायची परवानगी फक्त त्यांनाच आहे.

आणि आपसातही आपण हेच करतो. कुणाचा माऊस अडला की वर्गातला एक ‘एक्स्पर्ट’ पुढे येतो, “सरक, मी करतो” म्हणतो, खुर्ची घेतो, खटाखट चार बटणं दाबतो आणि “झालं बघ” म्हणून निघून जातो. मुलींच्या बाबतीत तर हमखास. उद्देश वाईट नसतो हो. पण ज्याची खुर्ची गेली त्याला एकच धडा मिळतो, की हे आपलं काम नाही. घरी पेटीपासून लांब, लॅबमध्ये खुर्चीपासून लांब. मग शिकायचं कधी?

म्हणून दोन मागण्या आहेत. एक कॉलेजांकडे. एफवायचं पहिलं प्रॅक्टिकल ‘कॉम्प्युटरच्या भागांची नावे लिहा’ हे नको. दहा मशीनमध्ये मुद्दाम दहा बिघाड करून ठेवा. एकाची पिन मेलेल्या पोर्टमध्ये, एकाचा माऊस काचेवर, एकाचा सेल उलटा, एकाचा ड्रायव्हर बंद. प्रत्येकाने शोधायचं, आणि जर्नलमध्ये ‘काय केलं’ याआधी ‘काय वाटलं, काय तपासलं, काय चुकलं’ ते लिहायचं. याला ना बजेट लागतं, ना नवीन लॅब. आणि व्हायवा मामांना घेऊ द्या!

दुसरी मागणी तुमच्याकडे. पुढच्या वेळी कुणाचा माऊस अडेल तेव्हा खुर्ची घेऊ नका. शेजारी उभे राहा आणि विचारा, “दिवा लागलाय का?” एवढंच. पुढचा हात त्याचा त्याला लावू द्या. तिचा तिला लावू द्या.

आणि त्याआधी आज एक प्रयोग करा. माऊसची पिन स्वतःच काढून ठेवा, टचपॅडला हात लावू नका आणि दहा मिनिटं काम करून बघा. फाइल उघडा, मेल पाठवा, ‘सबमिट’पर्यंत टॅबने जा आणि एंटर दाबा. नंबर पॅड असलेला कीबोर्ड असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, आलेल्या प्रश्नाला एंटरने होकार द्या आणि मग आकड्यांनी बाण हलवून बघा. डग्लस एंगेलबार्ट यांनी 1968 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखवला, त्याआधीही कॉम्प्युटर चालतच होते की! पहिली दोन मिनिटं चिडचिड होईल. पाचव्या मिनिटाला मजा येईल. आणि ज्या रात्री 11.30 ला खरंच बाण थिजेल, त्या रात्री तुमच्या हाताला घाम फुटणार नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. रात्री मोटर अडली. भाऊ नोकरीला बाहेर, त्यामुळे आप्पांनी नेहमीप्रमाणे बॅटरी माझ्याकडे दिली आणि मेन स्विच खाली ओढला. मी म्हटलं, “आप्पा, आज तुम्ही उजेड पाडा.” त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग बॅटरी परत घेतली, माझ्या हातात टेस्टर दिला आणि म्हणाले, “आधी तपास. मग हात लाव.”